34 मुलं, केळीचं मोकळं शेत आणि निर्वासितांची वाट: कसं केलं, काय काय लागलं

28 डिसेंबरला, रविवारी, आम्ही यावल रोडच्या एका शेतात निर्वासितांच्या प्रवासाचा ऑब्स्टॅकल कोर्स केला, म्हणजे घर सोडण्यापासून कॅम्पपर्यंतचे थांबे मुलांनी खेळासारखे एकेक करून पार करायचे. त्याला महिना होत आला आणि तेव्हापासून फोन येतायत की परवानगी कुठून काढली, मुलींना कसं नेलं, घरच्यांनी हो कसं म्हटलं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, राहायला भुसावळला, मूळची यावलकडची तडवी, म्हणजे मुस्लिम भिल्ल. आमच्या मोहल्ल्यात मशिदीला लागून छोटी लायब्ररी आहे, तिथं दर रविवारी 14 ते 19 वयाची मुलंमुली जमतात. निम्मी मोहल्ल्यातली, घरात उर्दू बोलणारी, आणि निम्मी आमच्या तडव्यांची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून शिकायला आलेली. ऑगस्टमध्ये पुण्याला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी स्वतः असा कोर्स चालून आले होते. तिथं बॉम्बचे आवाज होते, काळोखाची खोली होती, ओरडणारे खोटे सैनिक होते, आणि त्यातलं बरंचसं मला पटलं नाही, कारण घाबरवलं की माणूस फक्त घाबरतो, त्याला समजत काही नाही. पण शेवटी एक टेबल होतं, त्यावर न कळणाऱ्या भाषेतला फॉर्म होता आणि पलीकडे एक माणूस शांतपणे मान हलवत होता, ते टेबल काही डोक्यातून जाईना. भिंती आणि काटे ओलांडता येतात, माणूस खरा अडकतो तो कागदावर आणि वाट बघण्यात, असं मला तेव्हापासून वाटत होतं आणि आपल्या मुलांसाठी कोर्स करायचा तर याच्याभोवती करायचा असं ठरवलं.

जागा मिळाली ती ओळखीच्या एका काकांच्या शेतात, तापीचा पूल ओलांडला की थोडं पुढं. केळीची काढणी नोव्हेंबरात झालेली, पुढची लागवड अजून लांब, त्यामुळे जमीन मोकळी, मऊ, पडलं तरी लागणार नाही अशी. केळीचे कापलेले खांब बांधावर पडलेलेच होते, जुन्या ठिबकच्या नळ्या होत्या, काथ्याचे दोर होते, ट्रॉली होती. काकांनी भाडं घेतलं नाही, एवढंच म्हणाले की बांध तुडवू नका आणि मोटारीजवळ कुणाला जाऊ देऊ नका. (केळीच्या शेतात करणार असाल तर मुलांना सगळ्यात जुने कपडे घालून यायला सांगा, केळीच्या चिकाचा डाग कशानंही निघत नाही.)

परवानगीचं सांगते. खाजगी शेतात, स्पीकर न लावता, दिवसाउजेडी काही करायचं तर अडचण यायला नको असं सगळे म्हणत होते, पण 34 मुस्लिम मुलं एका शेतात जमून काहीतरी दोराखालून सरपटतायत हे लांबून कुणी बघितलं आणि व्हिडिओ काढून पुढं पाठवला तर काय, हा विचार मी केलेला होता. म्हणून 1 डिसेंबरला पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दिला. सोबत शेतमालकाचं संमतीपत्र, सातबाऱ्याची प्रत, सहभागी मुलांची यादी पालकांच्या मोबाईल नंबरसह, शेतातल्या वाटेचा हाताने काढलेला नकाशा, आणि बरोबर येणाऱ्या डॉक्टर ताईंचं पत्र. टेबलवरच्या साहेबांनी 'निर्वासित' वाचलं आणि विचारलं, मोर्चा आहे का? मग म्हणाले, कुठले निर्वासित, इथं कुणी आलेत का? मी शांतपणे सगळं सांगितलं, खेळ आहे, शिक्षणासाठी आहे, तेव्हा म्हणाले ठेवून जा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का-तारीख-सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ही पोच होती म्हणूनच नंतर 'असा अर्ज आलेलाच नाही' म्हटल्यावर मला दाखवता आलं. बऱ्याच चकरा झाल्या, 19 तारखेला उत्तर मिळालं. ग्रामपंचायतीला नुसतं माहितीचं पत्र दिलं, तिथं पाच मिनिटांत शिक्का मिळाला. अर्जाचा विषय 'युवकांसाठी शैक्षणिक शिबिर' असा लिहिला तरी आत दुसऱ्याच परिच्छेदात काय काय करणार ते पूर्ण लिहा, लपवू नका, आणि 'लाउडस्पीकर नाही, फटाके नाहीत, खोटी शस्त्रं नाहीत' हे ठळक लिहा.

यापेक्षा अवघड होती ती पालकांची बैठक. इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर लायब्ररीत घेतली, आया पुढच्या खोलीत, वडील बाहेर ओट्यावर. एक वडील, हमाली करणारे, उठून म्हणाले, मॅडम, आमच्या पोरांना हे खेळून दाखवायची काय गरज आहे, आधीच कागद म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. ते कशाबद्दल बोलत होते हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ऑगस्ट 2019 मध्ये आसामच्या एनआरसीच्या (नागरिकांच्या नोंदवहीच्या) शेवटच्या यादीतून 19 लाखांवर लोक बाहेर राहिले, डिसेंबरात नागरिकत्वाचा कायदा बदलला, आणि आमच्या गल्लीत त्या हिवाळ्यात घरोघरी ट्रंका उघडून आजोबांचे शाळेचे दाखले शोधणं चाललं होतं. माझ्या अब्बांच्या दाखल्यावर एक जन्मतारीख आणि आधारवर दुसरी, ते मी पण तेव्हाच बघितलं. मी त्यांना म्हटलं, भाऊ, ती भीती मुलांच्या कानावर पडतेच, फक्त तिच्याबद्दल त्यांच्याशी कुणी बोलत नाही, आपण बोलू. ते लगेच हो म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी मुलाबरोबर सही केलेलं संमतीपत्र पाठवलं, खाली लिहिलं होतं, 'दुपारचं जेवण वेळेवर द्यावे'.

संमतीपत्रात ही माहिती नक्की घ्या: दमा, फिट, अॅलर्जी, आणि घरात अलीकडे कुणी वारलंय का. शेवटचं लोक विचारत नाहीत. आमच्या गटात एका मुलीचे वडील सप्टेंबरमध्ये गेले होते, तिला 'घर सोडायच्या' थांब्यावर आणायचंच नाही असं आधीच ठरलं, ती पाण्याच्या थांब्यावर माझ्याबरोबर कार्यकर्ती म्हणून होती.

इमाम साहेबांनी 26 तारखेच्या जुम्म्याला (शुक्रवारच्या नमाजला) हबशाच्या, म्हणजे आताच्या इथिओपियाकडच्या, हिजरतीवर (स्थलांतरावर) बयान केलं. इसवी सन 615 च्या सुमारास मक्केत छळ वाढला तेव्हा पैगंबरसाहेबांनी आपल्या लोकांना समुद्रापलीकडे हबशाला जायला सांगितलं. पहिल्या तुकडीत बायकाही होत्या, हजरत उस्मान आणि त्यांच्या पत्नी हजरत रुकय्या होते. मागून मक्केतल्या कुरैश टोळीनं नजराणे देऊन माणसं पाठवली की आमचे लोक परत द्या, आणि ख्रिस्ती असलेल्या नजाशी राजानं दोन्ही बाजू ऐकल्या, जाफर बिन अबी तालिब यांनी त्याला सूरह मरयम ऐकवली, आणि राजानं परत द्यायला नकार दिला. 1951 च्या निर्वासितांच्या जागतिक करारात, 33 व्या कलमात, हेच आहे की जिथं जिवाला धोका आहे तिथं माणसाला परत ढकलायचं नाही. भारतानं त्या करारावर सही केलेली नाही, तरी तिबेटी, श्रीलंकेतले तमिळ असे लोक आपल्याकडे वर्षानुवर्षं राहिलेत. इमाम साहेबांचं बयान झाल्यावर बाकी पालकांच्या सह्या पटापट आल्या.

खर्च: दोन क्रूझर गाड्यांचे 5000, ताडपत्री आणि जास्तीच्या दोरांचं भाडं 900, फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) 300, फर्स्ट एड 650, झेरॉक्स 480, जेवण 4200, एकूण 11,530. मुलांकडून प्रत्येकी 150 घेतले, ज्यांना जमत नव्हतं त्यांचे घेतले नाहीत, उरलेलं मोहल्ल्यातल्या वर्गणीतून. जकातीचा (गरिबांसाठीच्या धार्मिक दानाचा) पैसा याला चालणार नाही हे इमाम साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, ते तुम्ही पण आधी विचारून घ्या.

मुलींसाठी मी एक नियम केला, ओढणी-दुपट्टा नको, टोपीसारखा शिवलेला हिजाब घाला आणि सेफ्टी पिना सगळ्या काढा. दोराखालून सरपटताना दुपट्टा अडकला तर गळ्याला फास बसू शकतो आणि पिना टोचतात. वर सैल कुडता, खाली ट्रॅकपँट, बूट. मुलींच्या प्रत्येक थांब्यावर बाईच कार्यकर्ती.

त्या दिवशी सकाळी सातला निघालो, तापीच्या पुलावर धुकं होतं आणि थंडी एवढी की शेतातले काका बाजूच्या बागेतल्या केळीच्या पानांची काळजी करत बसले होते. सुरू करण्याआधी सगळ्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, आज जे कराल त्याला निर्वासिताचं दुःख म्हणू नका, संध्याकाळी तुम्ही घरी जाणार आहात. दोन, कुणीही 'बस' म्हटलं की तो थांबा तिथंच थांबेल, कारण विचारलं जाणार नाही.

मग सहा 'कुटुंबं' केली, पाच-सहा जणांची. प्रत्येक कुटुंबाला पाच किलो ज्वारीची पिशवी दिली, हे तुमचं बाळ, शेवटपर्यंत जमिनीला टेकवायचं नाही. पहिल्या थांब्यावर वीस चिठ्ठ्या, दोन मिनिटांत पाचच उचलायच्या. सोनं, फोन, आईचं औषध, कुराण, पाणी, सातबारा, आधार, शाळेचा दाखला, घराची किल्ली, ब्लँकेट असं सगळं. सोनं आणि फोन तर सगळ्यांनीच घेतलं. कागद फक्त दोन कुटुंबांनी घेतले. पुढं अर्धा तास केळीच्या खांबांवरून, दोरांखालून, नळ्यांच्या कुंपणातून जायचं होतं, ते त्यांनी हसत, ओरडत, एकमेकांना ओढत पार केलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, चौदा वर्षांच्या पोरांना सरपटायला आवडतं. एका कुटुंबाचं बाळ मात्र ट्रॉलीत राहिलं, ट्रॉली पुढं गेली तेव्हा लक्षात आलं, आणि त्यातला सगळ्यात दांडगा मुलगा, जो गटात कुणाचं ऐकत नाही, तो एकही शब्द न बोलता मागं पळत सुटला आणि पिशवी छातीशी धरून आला. नंतर त्यानं ती दिवसभर कुणाला दिली नाही.

बोटीसाठी दोरानं नऊ बाय पाच फुटांची चौकट आखली आणि त्यात सतरा जणांना बसवलं, मुलींची वेगळी, मुलांची वेगळी. पाय बाहेर गेला की वेळ पुन्हा पहिल्यापासून. ते असे दाटून बसलेले असताना मी नाफ नदीचं सांगितलं, 25 ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात आले, बरेच जण ही नदी ओलांडून, आणि त्यांना त्यांच्याच देशात 1982 च्या कायद्यानं नागरिक मानणं बंद झालं होतं. एक मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, म्हणजे त्यांच्याकडे घ्यायला आधारची चिठ्ठीच नव्हती.

आणि मग टेबल. भुसावळ रेल्वेचं गाव, इथं सगळ्या देशातली माणसं आहेत. आमच्या ओळखीचे एक तमिळ काका रेल्वेत आहेत, मराठी आपल्यासारखी बोलतात, पण त्या दिवशी त्यांनी सकाळपासून तमिळशिवाय एक शब्द उच्चारला नाही. लिंबाखाली टेबल, रजिस्टर, शिक्का, आणि तीन पानी फॉर्म पूर्ण तमिळमध्ये. मुलं आधी हसली. मग अंदाजानं नाव लिहिलं, काकांनी मान हलवून फॉर्म परत दिला. पुन्हा लिहिलं, पुन्हा परत. कुटुंबातल्या मुलांना एका रांगेत आणि मुलींना दुसऱ्या रांगेत उभं केलं. ज्या दोन कुटुंबांनी कागद उचलले होते ती आधी पुढं सरकली आणि बाकीच्यांचे चेहरे बदलले. एक मुलगा टेबलवर हात आपटून म्हणाला, अरे आम्हाले सांगा तरी काय चुकलं! काकांनी शांतपणे त्याच्या मागच्याला बोलावलं. दिवसातलं पहिलं 'बस' इथं आलं, एका मुलीकडून, दोराखाली नाही. डॉक्टर ताई तिला घेऊन बाजूला बसल्या, चहा दिला, तिनं सांगितलं की तिच्या अम्मीचं नाव रेशनकार्डावर चुकीचं आहे आणि ते दुरुस्त करायला गेल्यावर अम्मीला असंच उभं केलं होतं.

कॅम्प फक्कीनं आखला होता. जगभरच्या मदत संस्था जे किमान माप मानतात ते वापरलं: माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, म्हणजे पाच जणांना साडेसतरा चौरस मीटर, साधारण 188 चौरस फूट. माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, आणि पाणी 500 मीटरच्या आत. आम्ही नळ मुद्दाम तेवढ्याच अंतरावर ठेवला. मुलींनी कॅन आणता आणता हिशोब केला, वजू (नमाजआधी हातपाय-तोंड धुणं), स्वयंपाक, कपडे, अंघोळ, आणि आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळे तो हिशोब त्यांना पटकन जमला. 188 फुटांच्या चौकटीत बसल्यावर मात्र एक मुलगा म्हणाला, मॅडम, आमचं घर एवढंच आहे आणि आम्ही सात जण राहतो. कुणी हसलं नाही. मी त्याला विचारलं, मग तुझ्या घरात आणि या चौकटीत काय फरक? तो विचार करून म्हणाला, आम्हाला कुणी उठवत नाही.

जोहरची जमात (दुपारची एकत्र नमाज) कॅम्पमध्येच झाली, वाटणीच्या पाण्यात वजू करून. कुणीतरी इमाम साहेबांना विचारलं, निर्वासिताला कसर (प्रवासात नमाज कमी करायची सवलत) असते का? ते म्हणाले, प्रवासी एका जागी पंधरा दिवस राहायची नियत करत नाही तोवर हनफी मसलकात (विचारपरंपरेत) तो मुसाफिर, अर्धी नमाज पढतो, आणि जो रोज म्हणतो की उद्या जाईन, परवा जाईन, त्याची अशी वर्षं गेली तरी तो मुसाफिरच. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या सगळ्या तयारीपेक्षा मुलांना हे जास्त लागलं.

नमाजनंतर जेवण लगेच दिलं नाही, थांबवलं. चाळीस मिनिटं, फोन नाही, खेळ नाही, कधी संपणार ते सांगायचं नाही. (त्या हमाल भावांना मी फोन करून वेळ कळवली होती.) सगळ्यात जास्त राग मुलांनी इथं काढला. शेवटी पेटी आणली, तिसऱ्या देशात, म्हणजे आपला आणि आसरा घेतलेला देश सोडून दुसरीकडे कायमचं, घेणार की नाही याच्या चिठ्ठ्या. जगातल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्क्याहून कमी लोकांना अशी जागा मिळते, मग 34 जणांत हिशोबानं एकही येत नाही, म्हणून सगळ्या चिठ्ठ्यांवर 'थांबा' होतं. एकानं सगळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा करून तपासल्या.

मग वरण-बट्टी, वांग्याची भाजी, पोटभर. आणि जेवणानंतर दोन तास नुसतं बोलणं. मुली वेगळ्या, मुलं वेगळी, मग एकत्र. हे दोन तास कापू नका, वेळ कमी असेल तर दोर-खांब कापा, पण हे नको. तमिळ काका आता मराठीत बोलले, त्यांच्या रामनाथपुरम जिल्ह्यात मंडपमला श्रीलंकेतून आलेल्या तमिळांचा कॅम्प आहे, 1983 नंतर बोटींतून आलेली माणसं त्यांनी लहानपणी बघितलेली. नंतर सिंधी कॉलनीतले एक आजोबा बोलले, कापडाचं दुकान होतं त्यांचं. नऊ वर्षांचे असताना फाळणीत कराचीहून बोटीनं मुंबईला आले, मग कल्याण कॅम्प, ज्याचं पुढं 1949 ला उल्हासनगर झालं. तिथल्या रेशनच्या रांगेत कारकुनानं त्यांचं नाव चुकीचं लिहिलं आणि तेच आजही त्यांच्या सगळ्या कागदांवर आहे. त्या दांडग्या मुलानं विचारलं, आजोबा, तुम्हाला आमचा राग नाही का येत? आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, वडिलांना होता, जाईपर्यंत होता. मला दुकान चालवायचं होतं बेटा, आणि समोर गिऱ्हाईक तुझ्या आजोबांसारखी माणसं होती.

पाचच्या आत निघालो, मगरिबला (सूर्य मावळताना) सगळे घरी होते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरी फोन करा, हे खूप गरजेचं आहे. एका आईनं सांगितलं की मुलगी रात्री उशिरापर्यंत जागी होती, तिच्याशी डॉक्टर ताई दोनदा बोलल्या, आता ती ठीक आहे. आणि जानेवारीचे रविवार आम्ही कागदांनाच दिले, प्रत्येकानं घरातल्या सगळ्यांच्या कागदांवरची नावं आणि तारखा एका तक्त्यात लिहायच्या, फरक कुठं आहे त्याला खूण करायची, डिजिलॉकर उघडायचं, दुरुस्तीचा अर्ज भरायचा. ज्या मुलीनं 'बस' म्हटलं होतं तिनं अम्मीच्या रेशनकार्डाचा अर्ज स्वतः भरला, ती गेली तेव्हा मी बरोबर होते, पोच घेऊनच बाहेर आलो.

आता आया म्हणतायत आमची पण एक बॅच करा, सरपटणं नको, पण टेबल आणि कॅम्प हवा. रमजान फेब्रुवारीत लागेल म्हणून ईदनंतर करायचं चाललंय, ऊन वाढायच्या आत, सकाळच्या वेळात. शेतात तेव्हा दुसरं पीक असेल, जागा नवी बघावी लागेल. तमिळ काका यायला तयार आहेत. अर्जाचा नमुना, संमतीपत्र, तक्ता आणि तमिळ फॉर्म यांच्या झेरॉक्स लायब्ररीत ठेवल्यात, भुसावळ-जळगावकडचं कुणी करणार असेल तर रविवारी असरच्या (दुपारी उशिराच्या) नमाजनंतर या, आम्ही असतो.